ऑफिस चॅट सुरू करताय? आधी दोन आठवडे तालीम करा!



आजचा विषय जरा टेक्निकल वाटेल, पण घाबरू नका. हा विषय तुमच्या गल्ल्याशी जोडलेला आहे. धंदा थोडा वाढला, माणसं पाचाची नऊ झाली, दुकान एकीकडे आणि युनिट दुसरीकडे गेलं, की प्रत्येक मालकाच्या डोक्यात एक विचार येतो: "आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भागत नाही, ऑफिससाठी वेगळं चॅट घेऊया." विचार योग्य आहे. पण पुढचं पाऊल बहुतेक जण चुकीचं टाकतात. कुणीतरी नाव सुचवतं, रविवारी खाती उघडली जातात आणि सोमवारी सकाळी सगळ्या माणसांना हुकूम जातो, "आजपासून सगळं इथेच." गुरुवारपर्यंत अर्धी माणसं जुन्या ग्रुपवर परतलेली असतात. ऑर्डर दोन ठिकाणी विखुरते आणि ती नेमकी कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ब्राउझरमध्ये चालणारं ऑफिस चॅट घ्यायचं असेल तर आधी त्याची टेस्ट लॅब मांडा. लॅब म्हणजे काचेची केबिन आणि एसी नव्हे. एक जुना कॉम्प्युटर, दोन-तीन फोन, तुमच्या टीममधली तीन माणसं आणि दोन आठवडे. नाटकवाले पहिला प्रयोग तालमीशिवाय लावत नाहीत, मग आपण आपला धंदा तालमीशिवाय का लावायचा?

दावणीला काय लागलंय ते आधी बघा

समजा, तुमचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. शहरात दुकान, एमआयडीसीत छोटी शेड, दोन डिलिव्हरीवाले, घरून काम करणाऱ्या एक अकाउंटंट ताई, एकूण नऊ माणसं. एका केटररची २५ किलो गोड्या मसाल्याची ऑर्डर आली. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "मिरची कमी ठेवा." काउंटरवरच्या मुलाने तो ग्रुपवर टाकला. त्याच्यावर सुप्रभातचे फोटो, कुणाच्या वाढदिवसाचे केक, तीन व्हॉइस नोट. सकाळी शेडमध्ये नेहमीच्या मापाने माल दळला गेला. किलोला ६०० रुपये धरा, १५,००० रुपयांचा माल परत. एका माणसाचा महिन्याचा पगार एका मेसेजखाली गाडला गेला.

दुसरी गोष्ट. डिलिव्हरीवाला नोकरी सोडून गेला. तुम्ही त्याला ग्रुपमधून काढलं आणि निश्चिंत झालात. पण ग्रुपमधून काढलं तरी आधीचे मेसेज त्याच्या फोनमध्ये तसेच राहतात. ग्राहकांचे पत्ते, नंबर, भाव, कुणाला किती सूट दिली, सगळं त्याच्याबरोबर बाहेर पडलं. तो माणूस वाईट असेलच असं नाही, पण तुमच्या धंद्याची वही त्याच्या खिशात आहे हे तर खरं!

तिसरी गोष्ट सगळ्यांनी अनुभवलेली आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच वेळी जवळपास सहा तास बंद पडलं होतं. आपल्याकडे रात्र होती म्हणून निभावलं. तेच दिवाळीच्या आदल्या शनिवारी दुपारी झालं असतं तर?

म्हणून वेगळं चॅट हवं. ब्राउझरमधलं चॅट सोयीचं अशासाठी की काउंटरच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही, कर्मचाऱ्याचा खासगी मोबाईल नंबर वापरावा लागत नाही आणि खातं कुणाचं चालू, कुणाचं बंद हे मालक ठरवतो. पण हे सगळं खरंच तसं घडतं का, हे जाहिरातीवरून कळत नाही. ते लॅबमध्ये कळतं.

मोठे लोक काय करतात?

सर्व्हर २००८ आर२ च्या काळात मायक्रोसॉफ्टने आयटीवाल्यांसाठी 'टेस्ट लॅब गाइड' नावाच्या पुस्तिका काढल्या होत्या. त्यातल्या पायाभूत मांडणीत पाच कॉम्प्युटर होते. खाती सांभाळणारा एक, अ‍ॅप्लिकेशनचा एक, कर्मचाऱ्याचा एक, कंपनीच्या वेशीवरचा एक आणि पाचवा चक्क इंटरनेटचं सोंग घेणारा! कंपनीचं नावही खोटं होतं, कॉन्टोसो. एवढी मोठी कंपनी आपल्या ग्राहकांना सांगत होती की आधी खोट्या कंपनीत, खऱ्या नेटवर्कपासून वेगळं, सगळं मांडून बघा आणि मगच खऱ्या ऑफिसला हात लावा.

यातून आपण तीन गोष्टी उचलायच्या. लॅब खऱ्या कामापासून वेगळी हवी. त्यात एक खोटी कंपनी हवी. आणि बाहेरून बघणारा एक डोळा हवा, म्हणजे दुकानाच्या वायफायवर नसलेल्या माणसाला काय दिसतं हे कळेल. आपल्याला पाच कॉम्प्युटर लागत नाहीत. बाहेरचा डोळा म्हणून मोबाईलचं हॉटस्पॉट पुरतं.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमची चार माणसं एकाच खोलीत बसतात, आम्हालाही हे हवं का?" नको. एकाच छपराखाली चार माणसं असतील तर भिंतीवर फळा लावा, खडूने ऑर्डर लिहा. फळा हँग होत नाही. जागा दोन झाल्या, शिफ्ट दोन झाल्या किंवा माणसं सात-आठच्या वर गेली, तेव्हा हा लेख परत उघडा.

लॅबची मांडणी

दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता तयार सेवेचा. स्लॅक, गुगल चॅट यांसारख्या सेवेवर वेगळं चाचणी खातं उघडायचं. सर्व्हरची झंझट नाही. पण फुकट योजनेच्या अटी वाचा. उदाहरणार्थ, स्लॅकच्या फुकट योजनेत फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. गेल्या दिवाळीची ऑर्डर या दिवाळीला शोधायची असेल तर ती मिळणार नाही. तुमच्या धंद्याला ही अडचण आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

दुसरा रस्ता स्वतःच्या सर्व्हरचा. मॅटरमोस्ट, झुलिप, रॉकेट चॅट ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत. ती तुमच्याच कॉम्प्युटरवर बसवता येतात आणि बाकीचे सगळे ब्राउझरमधून ती उघडतात. यात मेसेज तुमच्या जागेत राहतात. पण ते सांभाळायची जबाबदारीही तुमचीच. इथे 'फुकट' या शब्दाला भुलू नका. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी अपडेट करणारा, बॅकअप घेणारा माणूस फुकट नसतो.

शिकायला दुसरा रस्ता चांगला, कारण त्यात पोटातलं सगळं दिसतं. त्यासाठी ८ जीबी रॅमचा, एसएसडी असलेला जुना डेस्कटॉप पुरेसा आहे. त्यावर उबुंटू टाका, किंवा विंडोज असेल तर डॉकर डेस्कटॉप बसवा. मॅटरमोस्टची 'प्रिव्ह्यू' नावाची तयार डॉकर इमेज मिळते. एका आज्ञेत ती चालू होते आणि ब्राउझरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता टाकून पुढे ८०६५ हा पोर्ट लिहिला की चॅट उघडतं. लक्षात ठेवा, ही प्रिव्ह्यू फक्त बघण्यापुरती आहे. त्यावर खरा धंदा चालवायचा नाही. पहिला आठवडा प्रिव्ह्यूवर हात बसवा. दुसऱ्या आठवड्यात खरी मांडणी करा, म्हणजे चॅटचा सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस वेगवेगळे ठेवून. हे तुम्हाला जमत नसेल तर कॉम्प्युटर शिकणारा भाचा, पुतण्या किंवा जवळच्या आयटीआय-पॉलिटेक्निकमधला हुशार मुलगा गाठा. त्याच्या वेळेचे पैसे मात्र द्या.

खर्च किती? जुना डेस्कटॉप ६० वॅट खातो असं धरलं तर दोन आठवडे रात्रंदिवस चालू ठेवायला २० युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरले तरी २०० रुपये. वर केटररचे १५,००० गेले होते, आठवतंय ना?

खोटी कंपनी, खोटी माणसं

चॅटमध्ये 'अबक ट्रेडर्स' असं काहीतरी नाव द्या. खाती माणसांच्या नावाने नको, कामाच्या नावाने करा: काउंटर, शेड, डिलिव्हरी एक, डिलिव्हरी दोन, हिशेब, मालक. चॅनलसुद्धा कामाप्रमाणे: 'नव्या ऑर्डर', 'ऑर्डरमधले बदल', 'माल संपत आला', 'वसुली'. 'गप्पा' नावाचा एक चॅनल जरूर ठेवा. सुप्रभातला हक्काची जागा दिली नाही तर ते ऑर्डरच्या चॅनलमध्येच येणार, हे लिहून घ्या!

एकट्याने पाच माणसांचं सोंग घ्यायचं असेल तर एक गोष्ट माहीत हवी. एकाच ब्राउझरमध्ये एका वेळी एकच लॉगिन टिकतं. म्हणून क्रोममध्ये एक, फायरफॉक्समध्ये दुसरं, एजमध्ये तिसरं लॉगिन करा. इनकॉग्निटो विंडोही चालते, पण दोन इनकॉग्निटो विंडो उघडल्या म्हणजे दोन वेगळी माणसं होत नाहीत. त्या दोन्ही एकच लॉगिन वाटून घेतात. याहून सोपं म्हणजे क्रोममध्ये प्रत्येक सोंगासाठी वेगळी प्रोफाइल बनवा.

आणि कृपा करून खऱ्या ग्राहकांची यादी लॅबमध्ये ओतू नका. लॅबचे पासवर्ड सगळ्यांना माहीत असतात, तिचे बॅकअप इकडेतिकडे पडलेले असतात. आपल्या देशात २०२३ पासून डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. आपल्याला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण ग्राहकाने विश्वासाने दिलेला पत्ता आपण चाचणीच्या खेळात वापरायचा नाही, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. खोटी नावं, खोटे नंबर, खोटे पत्ते. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता मुद्दाम मोडा

इथे माझं सगळ्यात ठाम मत आहे. "हॅलो" पाठवला, समोर "हॅलो" दिसला, म्हणजे चाचणी झाली असं समजू नका. हॅलो सगळीकडेच जातो. लॅबमध्ये गोष्टी मोडायच्या असतात, कारण इथे मोडलं तर ग्राहक ओरडत नाही. खालचे आठ अपघात स्वतःच्या हाताने घडवा.

१. वीज घालवा. सर्व्हर चालू असताना स्विच बंद करा. दोन मिनिटांनी परत चालू करा. चॅट आपोआप उभं राहतं का? डॉकरला 'परत सुरू हो' असं वेगळं सांगितलेलं नसेल तर ते आपणहून उठत नाही. वीज आल्यावर राउटर त्या कॉम्प्युटरला नवा आयपी पत्ताही देऊ शकतो. मग सगळ्यांचे बुकमार्क रद्दी! राउटरमध्ये पत्ता राखून ठेवायची सोय असते, ती वापरा. आणि यूपीएस लावताना राउटर विसरू नका. सर्व्हर जिवंत आणि राउटर झोपलेला, याचा काय उपयोग?

२. इंटरनेट घालवा. राउटरला बाहेरून येणारी तार काढा, वायफाय तसंच ठेवा. स्वतःचा सर्व्हर असेल तर दुकानातल्या दुकानात चॅट चालू राहायला हवं. तयार सेवा असेल तर ती थांबणार. थांबल्यावर काउंटरवरच्या मुलाने काय करायचं, हे कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा.

३. लाइन तोडा. साधं वेब पान कसं चालतं? ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो, विषय संपला. चॅटमध्ये मात्र सर्व्हरला न विचारता बोलावं लागतं. त्यासाठी वेबसॉकेट नावाची पद्धत आहे, तिचं प्रमाणीकरण २०११ मध्ये झालं. फोन न ठेवता लाइन चालूच ठेवावी, तसं ते असतं. मधला एखादा प्रॉक्सी, अँटिव्हायरस किंवा चुकीची सेटिंग ही लाइन तोडते. लक्षण ओळखायला सोपं आहे. जुने मेसेज दिसतात, पण नवा मेसेज पान रिफ्रेश केल्याशिवाय येत नाही. काउंटरवर बसलेला माणूस म्हणतो, "सर, ऑर्डरच नाही आज." ऑर्डर असते, लाइन नसते.

४. टॅबला झोपू द्या. चॅटचा टॅब उघडा ठेवून दोन तास दुसरं काम करा. मग दुसऱ्या खात्यातून मेसेज पाठवा. हल्लीचे ब्राउझर मेमरी वाचवण्यासाठी न वापरलेले टॅब झोपवतात. क्रोममध्ये त्याला मेमरी सेव्हर म्हणतात, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज. सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या चॅटचा पत्ता अपवादाच्या यादीत टाका. प्रत्येक कॉम्प्युटरवर टाका.

५. घंटी वाजते का बघा. हा गुंता पुष्कळांना छळतो. सर्व्हर ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे चॅट उघडलं तर नोटिफिकेशन येतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आयपी पत्त्याने उघडलं तर परवानगीच मागितली जात नाही. सॉफ्टवेअर खराब नाही. ब्राउझर सुरक्षित जोडणी असलेल्या पानालाच, म्हणजे एचटीटीपीएस असलेल्या पानालाच, ही परवानगी देतो. स्वतःच्या मशीनला तेवढी सूट असते. उपाय म्हणजे एक डोमेन नाव घेणं आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र लावणं. आयफोनवाल्यांसाठी आणखी एक टीप. आयओएस १६.४ पासून वेब पानाची नोटिफिकेशन येतात, पण ते पान आधी होम स्क्रीनवर जोडलेलं असेल तरच.

६. माणूस काढा. 'डिलिव्हरी दोन'चं खातं त्याच्या फोनवर आणि एका लॅपटॉपवर उघडं ठेवा. आता मालकाच्या खात्यातून ते बंद करा. उघड्या टॅबमध्ये काय होतं? लगेच बाहेर फेकलं जातं, की तो माणूस अजून वाचत बसतो? त्याने आधी डाउनलोड केलेल्या फाइल कुठे राहतात? मघाशी म्हटलं ना, वही खिशात गेली? ती जाते की नाही, याचं उत्तर या एका चाचणीत मिळतं.

७. मराठीत शोधा. आपली माणसं मराठीत लिहिणार. "बिलाची प्रत पाठवा" असा मेसेज टाका आणि शोधात फक्त "बिल" लिहा. सापडतो का? "पावत्या" लिहून "पावती" शोधा. "मसाला" आणि "मसाल्याची" दोन्ही करून बघा. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की रूप बदलतं आणि सगळ्या सॉफ्टवेअरला ते उमगतंच असं नाही. सापडत नसेल तर सोपी युक्ती आहे. प्रत्येक ऑर्डरला नंबर द्या आणि मेसेजमध्ये तो लिहायची सवय लावा. नंबरला प्रत्यय लागत नाही.

८. सगळं पुसून परत आणा. बॅकअप घ्या, मग धीर करून लॅबमधलं चॅट पूर्ण पुसा आणि बॅकअपवरून परत उभं करा. घड्याळ लावा. स्वतःच्या सर्व्हरवर दोन गोष्टी जपाव्या लागतात: डेटाबेस आणि फोटो-फाइलींचा फोल्डर. एक घेतला आणि दुसरा राहिला तर मेसेज दिसतील पण बिलांचे फोटो गायब. जो बॅकअप कधी परत आणून बघितला नाही, त्याच्या भरवशावर झोपू नका.

या आठांखेरीज हॉटस्पॉटची परीक्षा घ्या. फोनचं वायफाय बंद करून चॅट उघडा. स्वतःचा सर्व्हर असेल तर तो उघडणार नाही आणि लॅबमध्ये तसंच हवं. घाईघाईत राउटरचे दरवाजे उघडून लॅबचा सर्व्हर इंटरनेटवर टांगू नका. डिलिव्हरीवाल्यांना रस्त्यावरून चॅट लागणारच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या खासगी बोगद्यातून आणा, किंवा सरळ तयार सेवा घ्या.

परीक्षक कोण असावा?

पुष्कळ मालक लॅब एकट्याने करतात किंवा घरातल्या मुलाला देतात. मुलगा दहा मिनिटांत सांगतो, "बाबा, मस्त चालतंय." त्याला चालतंय हो, पण शेडमधल्या मावशींना? त्यांचे हात मसाल्याने भरलेले, चष्मा कपाळावर, फोन जुना, स्क्रीनला तडा. तुमची ऑर्डर शेवटी त्यांच्याच हाताने दळली जाते.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात तीन माणसं निवडा आणि त्यात एक अशी हवीच, जिला कॉम्प्युटर नकोसा वाटतो. तिला शिकवू नका. फक्त सांगा, "मावशी, नवी ऑर्डर आली की नाही बघा आणि बदल असेल तर 'बघितलं' असं कळवा." मग गप्प बसून बघा. कुठे अडतात? काय विचारतात? पासवर्ड कुठे लिहून ठेवतात? त्या ज्या जागी अडल्या, तीच तुमच्या मांडणीतली फट आहे. फॉन्ट मोठा करायचा असेल, मेसेज वाचल्याची खूण एका बोटात व्हायला हवी असेल, तर हे आत्ताच कळेल. आणि त्यांना कमी लेखण्याच्या सुरात एकही शब्द बोलू नका. इथे परीक्षा मावशींची नाही, चॅटची आहे.

या दोन आठवड्यांत खरी कामं जुन्या ग्रुपवरच चालू द्या. लॅबमध्ये कालच्याच ऑर्डर नावं-नंबर बदलून पुन्हा खेळायच्या. त्यामुळे काहीही बिघडलं तरी दुकान थांबत नाही.

निकाल आधी ठरवा

लॅब सुरू करण्यापूर्वी एका कागदावर पास-नापासचे निकष लिहा. माझ्या मते एवढे पुरेत: वीज आल्यावर पाच मिनिटांत चॅट उभं राहतं का, ऑर्डरमधला बदल शेडपर्यंत दहा मिनिटांत पोहोचून 'बघितलं' असं परत येतं का, सोडून गेलेल्या माणसाचं खातं मालकाला एकट्याने, कुणाला फोन न करता बंद करता येतं का, आणि बॅकअप एका तासात परत येतो का. आधी लिहिण्याचं कारण सांगतो. दोन आठवडे खपल्यावर माणसाचा जीव त्या सॉफ्टवेअरवर जडतो. मग नापास असलं तरी पास करावंसं वाटतं.

आणि नापास झालं तर? तर लॅबने आपलं काम चोख केलं असं समजा. समजा, तयार सेवेला माणशी महिना २५० रुपये लागतात. नऊ माणसांचे वर्षाला २७,००० होतात. स्वतःच्या सर्व्हरला तेवढे लागत नाहीत, पण महिन्यातून कुणाचा तरी एक दिवस जातो. हे दोन्ही आकडे शेजारी मांडून तुम्ही "सध्या नको, आधी फळा आणि ऑर्डर नंबर सुरू करू" असं ठरवलंत, तर तो निर्णयही धंद्याचाच आहे. तो पुराव्यावर घेतलेला निर्णय आहे. कुणाच्या सांगण्यावरून २७,००० भरून सहा महिन्यांनी तेच चॅट बंद करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पास झालं तर मात्र रेंगाळू नका. तारीख जाहीर करा, सणाचा आठवडा टाळा, महिन्याच्या मधला मंगळवार-बुधवार बघा. प्रिव्ह्यूची लॅब पुसून खरी मांडणी नव्याने करा, कारण लॅबचे पासवर्ड आता गावाला माहीत आहेत. जुन्या ग्रुपवर शेवटचा मेसेज टाका, "ऑर्डर आता इथे घेतली जाणार नाही," आणि त्या दिवसापासून मालकाने स्वतः तिथे ऑर्डर लिहिणं बंद करा. मालक जिथे लिहितो, तिथेच सगळे वाचतात.

शेवटी गृहपाठ. आज रात्री दुकान बंद केल्यावर एक कागद घ्या. गेल्या महिन्यात जे निरोप पोहोचले नाहीत किंवा उशिरा पोहोचले, ते आठवून लिहा. प्रत्येकापुढे किती रुपये गेले ते लिहा. नुकसान नसेल तर शून्य लिहा, लाजू नका. खाली बेरीज करा. ती बेरीज मोठी असेल तर उद्या माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढा, धूळ झटका आणि लॅबला सुरुवात करा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा सांभाळा, निरोप सांभाळा.